एका वेळी एकच कान

माणूस अडला तरी मदत करायची नाही, हा धाकटीच्या कामातला पहिला नियम होता. सुचवायचं नाही, बोट दाखवायचं नाही, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. नुसतं मागं बसायचं आणि बघायचं.

कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानातली मशीनं बनवायची. मशीन घडवणारे वेगळे, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे. मशीनमध्ये नवं सॉफ्टवेअर घालायची वेळ आली की फोनच्या पडद्यावर काय दिसावं, बटण कुठं असावं, त्यावर काय लिहावं, मध्येच बिघडलं तर म्हाताऱ्या माणसाला कुठल्या शब्दांत सांगावं, हे धाकटी ठरवायची. चष्मा शोधत, कुणाला हाक न मारता, एकट्या माणसाला ते जमलं पाहिजे, अशी अट होती. नवे पडदे तयार झाले की ती फोन घेऊन लोकांच्या घरी जायची, फोन त्यांच्या हातात द्यायची आणि खुर्ची मागं ओढून बसायची. एक आजी प्रत्येक बटणाला आधी 'माफ कर हं' म्हणायच्या. एका गृहस्थांनी 'स्थापित करा' वाचलं आणि फोन टेबलावर मधोमध नीट ठेवून दिला. धाकटी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिनं 'स्थापित करा' काढलं आणि 'मशीनमध्ये बसवा' लिहिलं. ऑफिसात तिला 'मुकी' म्हणत, आणि ते कौतुकानं.

ज्यांच्या घरी ती सगळ्यात जास्त वेळा गेली ते तिचे वडील.

वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन आणि हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या कामात अख्ख्या गावाचं बोलणं कानावरून जायचं. कोण कुणाला फसवतंय, कुणाच्या घरी काय शिजतंय, सगळं. पण तिथला दंडक असा, की ऐकलं तरी ऐकलं नाही. संध्याकाळी रस्त्यात तोच माणूस भेटला तर त्याला 'काय, बरं आहे ना' एवढंच विचारायचं. वडील ते इतकं तंतोतंत पाळत की आई म्हणायची, "यांच्या पोटात आख्खं गाव आहे, पण ढेकर म्हणून कधी आली नाही." पुढं कान गेले. दोन्ही कानांत मशीनं आली. आई ओरडून बोलू लागली.

मग आई गेली, आणि वडील तीन खोल्यांत एकटे उरले. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता थोरल्या भावानं विषय काढला, की आता यांनी माझ्याकडं यायचं. वडील नाही म्हणाले. बरीच ताणाताण झाली. शेवटी एक ठरलं. दोन्ही कान चालतायत तोवर ते इथंच राहतील. दारावरची बेल, फोन, कुकरची शिट्टी, एवढं नीट ऐकू येत असेल तर कुणी त्यांना हलवणार नाही. एका जरी कानानं दगा दिला की बॅग भरायची. "कबूल," वडील म्हणाले होते. "पण ऐकू येतंय की नाही हे मी सांगणार. तुम्ही नाही."

त्यामुळे मशीनचं सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की वडील परीक्षेला बसल्यासारखे बसत. अंघोळ झालेली, इस्त्रीचा सदरा, टेबलावर पुसलेला चष्मा.

अपडेटमध्ये एक मोठी खोट होती, आणि ती सगळ्या कंपनीला ठाऊक होती. नवं सॉफ्टवेअर आत जाईस्तोवर मशीन मुकं व्हायचं. दोन्ही कान एकदम बंद. लोक घाबरत. मशीन मेलं असं समजून मध्येच उपटून काढत, आणि मग ते खरंच मरायचं. धाकटीनं पडद्यावर हळूहळू भरत जाणारी एक हिरवी पट्टी टाकली आणि खाली लिहिलं: 'थोडा वेळ काही ऐकू येणार नाही. हे ठीक आहे.'

वडिलांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "मला ऐकू येत नाही, आणि ठीक आहे म्हणून तू सांगणार?"

तिनं ते वाक्य काढून टाकलं. पट्टी राहिली.

आणि त्या पट्टीच्या आडोशाला घरात एक सवय लागली. पहिल्यांदा थोरला सहज आला होता. वडील पट्टीकडं बघत बसलेले, कान बंद. थोरला त्यांच्या समोर उभा राहून म्हणाला, "काय हो ऑपरेटरसाहेब, लाइन लागतेय का?" वडील पट्टीकडंच बघत राहिले. दोघं भावंडं हसली. पुढच्या वेळी थोरला जरा जास्त बोलला. गॅस उघडा राहिला होता ते. शेजारीण काय म्हणाली ते. त्याच्यापुढच्या वेळी धाकटीही बोलली. इतर वेळी वडिलांसमोर जे बोलता येत नसे, आणि फोनवर बोलायला जीभ रेटत नसे, ते सगळं त्या पट्टीच्या वेळात होऊ लागलं. वडील मध्ये बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावरून बोलणं इकडून तिकडं. अपडेट आहे म्हटलं की थोरला आपण होऊन विचारायचा, "किती वाजता बसवणारेस म्हाताऱ्याला?"

धाकटीच्या मनाला ते लागायचं का? लागायचं. पण लागायचं म्हणून ती थांबली नाही.

मग कंपनीत तिच्याच डोक्यातून एक तोड निघाली. दोन्ही मशीनं एकदम कशाला मुकी करायची? आधी उजवं करू, ते लागलं की डावं. एका वेळी एकच कान. माणूस कधीच पुरता बहिरा होणार नाही, घाबरणार नाही, मशीन उपटणार नाही. सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगेला गृहस्थ आधी कुरकुरला, "वेळ दुप्पट लागेल," पण कंपनीच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "लागू दे. रडणारे निम्मे होतील." नवे पडदे झाले. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत: 'आधी उजवा कान. तोवर डाव्यानं ऐकू येत राहील.' ज्या घरांत हे घेऊन जायचं होतं त्यांत वडिलांचं घर होतंच. फोनवर जे लिहिलंय त्यापलीकडं घरातल्या कुणालाही काही सांगायचं नाही, असा दंडक होता. लोकांना नुसत्या पडद्यावरून कळतंय का, हेच तर बघायचं होतं.

त्या दिवशी थोरला आधीच येऊन बसला होता. चहा झाला. धाकटीनं फोन वडिलांच्या हातात दिला, खुर्ची मागं ओढली. थोरला पलंगाच्या कडेवर, वडिलांच्या डाव्या हाताला.

वडिलांनी ओठ हलवत पहिला पडदा वाचला. सावकाश वाचला. मग मान हलवली आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी चालू झाली. वडिलांचा अंगठा फोनच्या कडेवर थांबला.

"झाले बंद," थोरला म्हणाला. "बरं, आज मी सरळच बोलतो. पोराचं लग्न ठरतंय. त्याला जागा पाहिजे. ही जागा नुसती अडून राहिलीय."

मागून धाकटीला पट्टी दिसत होती. पट्टीच्या शेजारी डाव्या कानाचं चित्र दिसत होतं, निळं, जिवंत. तिनं थोरल्याच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला असता तरी भागलं असतं. नियम होता म्हणून ती गप्प बसली, असं पुढं तिला कुणालाही सांगता आलं असतं, आणि कुणी त्यावर काही बोललंही नसतं. पण तेवढंच नव्हतं. वडिलांना इथून हलवावं लागणार हे तिलाही पटत आलं होतं. ते आपल्या तोंडानं सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. थोरला सांगतोय, वडील ऐकतायत, तर ऐकू देत. आयतंच होतंय. असं तिच्या मनात आलं, आणि आलेलं तिनं हाकललं नाही.

"मागची खोली देतो त्यांना," थोरला सांगत होता. "टीव्ही कितीही मोठा लावला तरी पुढं आवाज येत नाही. ओरडायचं असलं तर बायको दार लोटून ओरडेल. आईसारखं नको व्हायला."

"दादा, आईचं राहू दे."

"का राहू दे? ती कशानं गेली? डॉक्टर काहीही म्हणोत. ओरडून ओरडून गेली. घसा नाही दमला तिचा, जीव दमला. भाजी आणा म्हणायचं तर चारदा, जेवायला या म्हणायचं तर चारदा. मला म्हणाली होती एकदा, हे माझ्या आधी गेले तर दोन दिवस गप्प बसून बघीन, कसं वाटतं ते." त्यानं धाकटीकडं बघितलं. "तुलाही म्हणाली होती ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

ते तिनं ठरवून म्हटलं नाही. पट्टीच्या वेळात खरं बोलायची त्या तोंडाला सवय लागली होती, तसं ते निघून गेलं. बाहेर पडल्यावर तिनं त्या निळ्या कानाकडं बघितलं.

वडिलांची मान तशीच होती. पाठ तशीच. अंगठा कडेवर. भरत जाणाऱ्या पट्टीकडं ते बघत होते, पूर्वी एक्स्चेंजमधल्या दिव्यांच्या ओळीकडं बघत असतील तसे. कुठली लाइन लागली, कुठली सुटली.

थोरला आणखी थोडं बोलला. सामानाचं बोलला. कपाट न्यायचं नाही, जागा नाही. मग वडिलांनी एकदम हात वर केला.

"उजवा लागला," ते म्हणाले. "आता डाव्याचं चाललंय."

थोरला थबकला. "म्हणजे?"

"एकेक करून करतात आता," वडील म्हणाले. "लिहिलंय इथं. बघ."

थोरल्यानं फोन बघितला नाही. त्यानं धाकटीकडं बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "एकेक करून म्हणजे मघाशी डावा चालू होता?"

"असायला हवा होता," ती म्हणाली.

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलायचं नसतं. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात." पण हे तो कुजबुजला, आणि कुजबुजून वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला.

डाव्याची पट्टी हळूहळू भरत गेली. आयुष्यात इतका लांब अपडेट तिनं पाहिला नव्हता. संपल्यावर फोननं छोटासा आवाज केला, वडिलांनी चष्मा काढला आणि तिला म्हणाले, "हं, विचार तुझे प्रश्न."

प्रश्न ठरलेले असत. तिनं पहिले दोन विचारले. अक्षर वाचता आलं का, आलं. बटण सापडलं का, सापडलं. तिसरा प्रश्न तिनंच लिहिलेला होता, शब्द न् शब्द.

"उजव्या कानाचं काम चालू असताना डाव्या कानानं काही ऐकू आलं का?"

"नाही," वडील म्हणाले.

"थोडंसुद्धा?"

"काही नाही."

"बाबा, पंखा, रस्त्यावरची गाडी, कुणाचं बोलणं... असं काहीच नाही?"

"एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की उत्तर बदलतं, असं तुमच्या कंपनीत शिकवतात का?" वडील शांतपणे म्हणाले. "मी सांगतोय ना, नाही. सामसूम होती."

थोरल्यानं श्वास सोडला. इतका मोठा, की पलंग कुरकुरला. मग त्याला हसू आलं. "फसली म्हणायची तुमची युक्ती, बाईसाहेब." आणि लगेच, गाडी फिरवावी तसा आवाज फिरवून, "पण म्हणजे डावा कान कामातून गेला की काय? बाबा, डावा गेला का हो?"

वडिलांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. समोर काय वाढून ठेवलंय ते त्यांना दिसत असणार. ऐकू आलं म्हणावं, तर सगळंच ऐकू आलं म्हणावं लागणार. मागची खोली, लोटलेलं दार, आणि ते आईचं. नाही म्हणावं, तर घर जाणार.

"तसंच दिसतंय," वडील म्हणाले.

ऑफिसात मशीनच्या आतली नोंद बघितली तर डावं मशीन सबंध वेळ चालू होतं. पोरगेला गृहस्थ म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, मुके. तुझ्या बाबांचा कान तपास." बाकीच्या सगळ्या घरांतून युक्ती उत्तम ठरली होती. त्या माफी मागणाऱ्या आजी तर म्हणाल्या होत्या की या वेळी भीतीच वाटली नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं उत्तर धरायला नको, कानच बिघडलाय त्याला कोण काय करणार." ते वगळून टाकलं. धाकटीनं मान हलवली.

कानाच्या डॉक्टरीण बाईंच्या काचेच्या खोलीत वडील पाठमोरे बसले. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाला ते झटपट बोट वर करत होते. डाव्याला करेनात. बाईंनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. बाहेर उभ्या धाकटीला वडिलांचा हात गुडघ्यावर दिसत होता. बोट सतरंजीवर झोपलेल्या मुलासारखं पडून होतं. शेवटच्या आवाजाला मात्र त्यांच्या मानेची शीर उडाली.

बाई बाहेर आल्या, दार लावून घेतलं. "अहो, हे मला जरा विचित्र वाटतंय. कानाचा पडदा चांगला आहे. गेल्या वेळी डावाच बरा होता. आणखी दोन तपासण्या करून मी शोधून काढू शकते, पण आधी तुम्हाला विचारते. कधीकधी माणसाला ऐकू येत असतं, पण तो बोट उचलत नाही. घरी काही झालंय का?"

तिला एकच शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर बाईंनी पुढच्या तपासण्या केल्या असत्या, डावा कान शाबूत ठरला असता, घर राहिलं असतं. आणि थोरला विचारता झाला असता, मग त्या दिवशी यांनी नाही का म्हटलं? आणि मग तिघांना एका टेबलाशी बसून त्या बोलण्याकडं बघावं लागलं असतं. तिच्या 'हो'कडंही.

"नाही," धाकटी म्हणाली. "काही नाही झालं."

"मग मी कशाला त्रास देऊ त्यांना," बाई म्हणाल्या.

थोरल्याला तिनं फोनवर सांगितलं. त्यानं बिचारे म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि शनिवारी टेम्पो सांगू का असं विचारलं. वडिलांनी वाद घातला नाही. कबूल केलेलं ते पाळत. त्या दिवसापासून ते कुणी बोलायला लागलं की उजवा कान पुढं करायचे, भाजीवालीसमोरसुद्धा. डाव्या बाजूला उभा राहिलेला माणूस त्यांच्या लेखी नसायचाच. इतकं नीट करत, की एकदोनदा धाकटीलाच वाटलं, आपण चुकलो असू, खरंच गेला असेल.

शनिवारी ती लवकर गेली. थोरला खाली टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होता. वडील स्वयंपाकघरात स्टुलावर बसून काचेचे पेले जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. आईचे पेले. एकेक पेला घ्यायचा, कागदाच्या मधोमध ठेवायचा, चारी कोपरे आत दुमडायचे. ती त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसली. इतकी जवळ, की सदऱ्याचा साबणाचा वास येत होता.

"बाबा," ती हळू म्हणाली. "आई ते एकदाच म्हणाली होती. तापात होती. आणि नंतर रडली होती."

वडिलांनी पेला कागदाच्या मधोमध ठेवला. एक कोपरा दुमडला. दुसरा दुमडला. तिसऱ्यावर हात थांबला. मग तोही दुमडला.

"कोण आहे?" ते म्हणाले. मान वळवली नाही. "तिकडून काही ऐकू येत नाही मला. बोलायचं असलं तर या बाजूनं ये."

ती उठली. स्टुलाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली. वडिलांनी कान पुढं केला आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत राग नव्हता. काय, बरं आहे ना, असं विचारताना असायचे तसे ते होते.

तिनं तोंड उघडलं. खालून थोरल्यानं हाक मारली, की आधी जड सामान सोडा.

"पेले मागं ठेवायचे की पुढं?" तिनं विचारलं.

"दादाला विचार," वडील म्हणाले, आणि पुढचा पेला घेतला.